पफर दर थोड्या दिवसांनी खाणं सोडतो: औषधाआधी काय तपासायचं

"कालपर्यंत काचेला तोंड लावून मागत होता, आज समोर टाकलं तरी ढुंकून बघत नाही." पफर, म्हणजे घाबरला की फुगणारा मासा, तो पाळणाऱ्या माणसाचं हे वाक्य मला आता पाठ झालंय. त्याच्या पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "मागच्या वेळी ते निळं औषध टाकलं होतं, चार दिवसांत बरा झाला. आता परत तेच."

त्या 'परत तेच'मध्येच खरी मेख आहे. मासा औषधाने बरा झालाच नव्हता. औषध टाकायच्या आधी घाबरून तुम्ही अर्धी टाकी पाणी बदललं होतं, त्याने बरा झाला. मूळ कारण जिथल्या तिथे राहिलं आणि महिन्याने परत वर आलं.

म्हणून बाटली उघडायच्या आधी दोन प्रश्न. पहिला: खाणं टाकल्यावर तो नेमकं काय करतो? जवळच येत नाही, की येतो, तोंडात घेतो आणि थुंकतो, की व्यवस्थित खातो आणि तरी वाळत चाललाय? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिघींची कारणंही वेगळी. दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: हे किती दिवसांनी परत होतं, आणि त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत टाकीत तुम्ही काय केलं होतं?

हा दुसरा प्रश्न मला फार उशिरा सुचला. माझा आठच्या आकड्याचा (फिगर एट) पफर दर महिन्याला दोन-तीन दिवस रुसायचा. मी खाणं बदललं, दिवा बदलला, आतला दगड उचलून दुसरीकडे ठेवला. शेवटी एका वहीत तारखा लिहायला लागलो. तिसऱ्या महिन्यात दिसलं की रुसवा नेहमी मंगळवारी नाहीतर बुधवारी सुरू होतो, आणि त्याच्या आधीच्या रविवारी मी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून स्वच्छ, पांढराशुभ्र होईपर्यंत पिळलेला असतो. एवढी मेहनत करून मी दर महिन्याला स्वतःच्या हाताने टाकीतले, घाणीतला विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू मारत होतो.

आधी पफर कोणता आहे ते नक्की करा

पाण्याच्या तपासणीआधी हे केलं नाही तर पुढचं सगळं वाया. पफर हे काही एका माशाचं नाव नाही. काही जाती जन्मभर गोड्या पाण्यात राहतात, काही खाडीच्या मचूळ पाण्यात, काही थेट समुद्रात. दुकानात मात्र सगळे एकाच गोड्या पाण्याच्या टाकीत पोहत असतात.

वाटाण्याएवढा पिवळसर ड्वार्फ पफर, म्हणजे पी पफर, हा पूर्ण गोड्या पाण्याचा. त्याच्या शास्त्रीय नावातला 'त्रावणकोरिकस' हा शब्द त्रावणकोरवरून आलाय. होरा आणि नायर यांनी १९४१ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं. पश्चिम घाटातून वाहणाऱ्या नद्या हे त्याचं घर. त्याच्या टाकीत मीठ घालायचं कारण नाही. आफ्रिकेतले फहाका आणि म्बू हेही गोड्या पाण्याचेच, पण फहाका ४० सेंटीमीटरच्या पुढे जातो आणि म्बू त्याहूनही मोठा होतो. घरातल्या साध्या टाकीत त्यांच्यासाठी जागाच नसते, त्यामुळे त्यांची गोष्ट इथेच सोडतो.

आठच्या आकड्याचा पफर निमखाऱ्या पाण्याचा. त्याला १.००५ ते १.००८ एवढी विशिष्ट घनता मानवते (पाणी किती खारं ते सांगणारा आकडा; गोडं पाणी १.०००). खरा घोळ होतो तो हिरव्या ठिपक्यांच्या पफरचा. पाठ पोपटी, त्यावर काळे गोल ठिपके, पोट पांढरंशुभ्र, आणि दुकानात असताना जेमतेम अंगठ्याएवढा. पिल्लू असताना तो गोड्या पाण्यात तग धरतो, म्हणून 'गोड्या पाण्याचा' म्हणून विकला जातो. वाढत जातो तसं त्याला मीठ वाढवून लागतं, मोठेपणी १.०१५ च्या पुढे, आणि बरेच जण त्याला थेट समुद्राएवढ्या खाऱ्या पाण्यात ठेवतात. या माशाचा जनुकसंच २००४ साली वाचून छापला गेला, पण त्याला कोणत्या पाण्यात ठेवायचं हे अजून विकणाऱ्याला ठाऊक नसतं. गंमतच आहे.

माझा असा एक मासा सात महिने गोड्या पाण्यात होता. आजारी म्हणावा असा नव्हता, ठणठणीतही नव्हता. दर तीन-चार आठवड्यांनी पोट राखाडी पडायचं, अंगावर बुरशीसारखा पांढुरका डाग यायचा, खाणं बंद. मी दर वेळी डागावर औषध करायचो. डाग जायचा, पुन्हा यायचा. पाणी हळूहळू खारं करत नेलं त्यानंतर तो डाग परत आलाच नाही.

मीठ म्हणजे स्वयंपाकाचं नव्हे, आणि दुकानात 'ॲक्वेरियम सॉल्ट' म्हणून मिळतं तेही नव्हे. समुद्री टाकीसाठी बनवलेलं सागरी मीठ लागतं, कारण त्यात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पीएच धरून ठेवणारे क्षारही असतात. १.००५ साठी लिटरमागे साधारण ७ ते ८ ग्रॅम लागतं. पण ग्रॅमवर विसंबू नका, मापून बघा. मीठ बादलीत विरघळवून, पंपाने ढवळून, मग टाकीत. माशाच्या डोक्यावर कधीही ओतायचं नाही. आठवड्याला ०.००२ पेक्षा जास्त चढवू नका. मासा एकवेळ सहन करेल, फिल्टरमधले जिवाणू करणार नाहीत.

इथे दोन चुका वारंवार होतात. एक म्हणजे, टाकीतलं पाणी बाष्पीभवनाने कमी झालं की लोक मिठाच्या पाण्याने भरतात. वाफ होऊन पाणी जातं, मीठ मागेच राहतं. त्यामुळे घटलेली पातळी नेहमी साध्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने भरायची. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना. दुसरी चूक हायड्रोमीटरची, म्हणजे ही घनता मोजायच्या साधनाची. काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरमध्ये काट्याला बारीक बुडबुडे चिकटतात, काटा वर तरंगतो आणि आहे त्यापेक्षा जास्त मीठ दाखवतो. वाचण्याआधी टिचकी मारून बुडबुडे घालवा. जमलं तर रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून जाणाऱ्या उजेडावरून मीठ मोजणारं साधन) घ्या आणि तोही अधूनमधून शून्यावर जुळवून घ्या.

जवळच येत नाही: पाणी

मासा कोपऱ्यात बसलाय, शेपूट बाजूला दुमडलेली, पोट काळपट, खाण्याकडे डोळाही फिरवत नाही. दहातले आठ वेळा हे पाणी असतं. (थोडा वेळ पोट काळवंडणं वेगळं. झोपेतून उठलेला किंवा घाबरलेला पफरही काळवंडतो आणि दहा मिनिटांत पांढरा होतो. संध्याकाळपर्यंत तसाच राहिला तर मात्र मापन किट काढा.)

पफर हा मांसाहारी मासा आणि खाण्यात अत्यंत गलिच्छ. कोळंबीचा तुकडा तो गिळत नाही, चोचीने फोडतो. अर्धं पोटात, अर्धं कल्ल्यातून धुरळा होऊन बाहेर. तो धुरळा वाळूत बसतो, दगडामागे साठतो, कुजतो आणि त्याचा अमोनिया होतो. त्याच आकाराच्या दुसऱ्या माशाला चालेल तेवढा फिल्टर पफरला पुरत नाही. ताशी टाकीच्या आठ-दहा पट पाणी फिरवणारा फिल्टर घ्या. पी पफरसाठी मात्र एवढा जोराचा प्रवाह नको, त्याला स्पंज फिल्टर बरा.

अमोनिया आणि नायट्राइट (जिवाणू अमोनियाचं आधी जे बनवतात ते, तेही विषारीच), दोन्हींचं माप शून्य हवं. 'जवळपास शून्य' असं काही पफरच्या बाबतीत नसतं. त्यापुढे बनणारं नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) खाली ठेवा. निमखाऱ्या टाकीवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक तुलनेने निरुपद्रवी. पीएच वाढला की विषारी रूपाचा वाटा वाढतो. २६ अंश तापमानाला पीएच ७ असताना हा वाटा एक टक्काही नसतो, पीएच ८.२ ला तो आठ-नऊ टक्क्यांवर जातो. म्हणजे गोड्या टाकीत ज्या आकड्यावर मासा नुसता मलूल दिसेल, त्याच आकड्यावर खाऱ्या टाकीतल्या माशाचे कल्ले भाजून निघतील.

माप चुकीचं निघालं तर काय करायचं? अर्धं पाणी बदला. तापमान आणि मीठ जुळवून, क्लोरीन काढून. दुसऱ्या दिवशी परत मापा, लागलं तर परत बदला. खाणं दोन दिवस बंद. धडधाकट मोठा पफर आठवडाभर उपाशी राहिला तरी मरत नाही, न खाल्लेली कोळंबी टाकीत कुजल्याने मात्र मरतो. त्याच्या तोंडाकडे बघून आपल्यालाच राहवत नाही, ही खरी अडचण.

मग कारण शोधा. वाळूत एक लांब काडी खुपसून हलवा. काळं ढवळून वर आलं, सडक्या अंड्यासारखा वास आला, तर खाली कुजतंय. फिल्टरचा स्पंज धुता तो कशाने? टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात, बादलीत, दोनदा दाबायचा आणि परत लावायचा. मळकट राहिला पाहिजे. दोन स्पंज असतील तर दोन्ही एकाच दिवशी धुवायचे नाहीत. मी हे सुरू केल्यापासून माझे मंगळवार सुटले.

दर वेळी पाणी बदलल्यावर लगेच, म्हणजे काही तासांत मासा रुसत असेल तर ते अमोनियाचं नसतं. तेव्हा नळाचं पाणी तपासा. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचं संयुग) असलेलं पाणी नुसतं बादलीत रात्रभर ठेवून सुधारत नाही, त्याला क्लोरीन काढायचं औषधच लागतं. आणि नव्या पाण्याचं तापमान हाताने नव्हे, थर्मामीटरने बघा. हाताला २३ आणि २७ सारखेच लागतात.

उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर गेलं की ऑक्सिजन कमी विरघळतो. मासा पृष्ठभागाजवळ राहतो, कल्ले भराभर हलतात, खाणं नको होतं. झाकण उघडा, जाळी टाका, हवेचा पंप जोरात चालू करा, पंखा पाण्यावर सोडा. बर्फ टाकू नका.

येतो, घेतो, थुंकतो: दात

आता दुसरा प्रकार. खाणं टाकलं की धावत येतो. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवत तुकड्याभोवती घिरटी मारतो, समोर येऊन हवेत टांगल्यासारखा थांबतो, झडप घालतो, आणि तुकडा तोंडातून परत बाहेर. परत घेतो, परत थुंकतो. भूक आहे, इच्छा आहे, जमत नाही. याला पाण्याचा दोष देऊन उपयोग नाही. याच्या तोंडाकडे बघा.

पफरच्या शास्त्रीय नावातला 'टेट्राओडॉन' म्हणजे चार दात. वर दोन, खाली दोन, आणि ते जुळून झालेली एक चोच. ही चोच जन्मभर वाढत राहते. निसर्गात तो दिवसभर गोगलगायी, खेकडे, शिंपले फोडत असतो, त्यात ती झिजते. टाकीत आपण त्याला सोललेली कोळंबी आणि मऊ ब्लडवर्म (छोट्या लाल अळ्या) भरवतो. लाड होतात, दात वाढतात. काही महिन्यांनी वरचा दात खालच्यावर येऊन बसतो आणि तोंड पुरतं उघडतच नाही.

काचेजवळ आल्यावर टॉर्च मारून बाजूने बघा. निरोगी पफरची चोच ओठांच्या मधून जेमतेम पांढरी रेघ दिसते. ओठांच्या बाहेर सशासारखी डोकावत असेल तर वाढलीय. तीन-चार महिन्यांनी हटकून होणारा रुसवा असेल तर माझा पहिला संशय दातांवरच.

थोडी वाढ असेल तर खाण्यानेच सुधारते. टणक कवचाचं खाणं आठवड्यातून निदान दोन-तीनदा: जिवंत गोगलगायी, कवचासकट कोळंबी, छोट्या खेकड्याचे पाय, अर्धवट उघडलेल्या तिसऱ्या (शिंपले). सगळ्यात सोपं म्हणजे शेजारी एका बरणीत रॅम्सहॉर्न किंवा ब्लॅडर गोगलगायी वाढवणं. त्यांना काकडीची चकती पुरते आणि त्या आपणहून पसरतात. पफर गोगलगाय फोडतो तेव्हा काचेच्या बाहेर 'टच्च' असा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला काच तडकली असं वाटलं होतं.

ट्रम्पेट गोगलगायी मात्र जपून द्या. लांब, शंकूसारखं कवच दगडासारखं कडक असतं आणि छोट्या पफरचा दात त्यावर तुटू शकतो. पी पफरचे दात सहसा एवढे वाढत नाहीत. त्याला गोगलगायी आवडतात म्हणून द्या, दातांसाठी द्यायची गरज नाही.

वाढ फार झाली असेल आणि मासा चार-पाच दिवस काहीच खाऊ शकत नसेल, तर दात कापावे लागतात. माशांवर उपचार करणारा पशुवैद्य मिळाला तर त्याच्याकडेच जा. मिळत नाही हीच बहुतेकांची अडचण असते, म्हणून मी कसं केलं ते सांगतो. एकट्याने करू नका.

दोन भांडी घेतली, दोन्हींत टाकीचंच पाणी. एकात हवेचा दगड (पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) चालू. दुसऱ्यात माशाला गुंगी आणायला लवंगेचं तेल, पण सरळ ओतलं नाही. तेल पाण्यावर तरंगतं. छोट्या बाटलीत कोमट पाणी आणि थेंबभर तेल घालून दूध होईपर्यंत हलवलं, आणि ते दूध थोडं थोडं भांड्यात सोडत गेलो. मासा आधी अस्वस्थ होतो, मग तोल जातो, मग एका कुशीवर पडतो. कल्ले मात्र सावकाश हलत राहिले पाहिजेत. कल्ले थांबले तर दात-बित विसरा, लगेच हवेच्या भांड्यात. माझ्या बायकोचं काम फक्त कल्ल्यांकडे बघणं एवढंच होतं.

मग ओल्या मऊ कापडात अलगद धरला. आवळायचा नाही. नखाची कातडी काढायचं बारीक टोकाचं निप्पर घेऊन वरच्या दाताचं फक्त टोक कापलं, मग खालच्याचं. मुळाकडे जायचा मोह आवरा. सगळं मिळून अर्ध्या-पाऊण मिनिटात झालं पाहिजे. नाही झालं तर मासा पाण्यात सोडा आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी. परत सोडताना हवेच्या बुडबुड्यांपुढे तोंड येईल असा धरून ठेवला, पाणी कल्ल्यांतून वाहायला लागलं आणि तीन-चार मिनिटांत त्याने शेपूट झटकली. माझे हात त्याच्यापेक्षा जास्त थरथरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कोळंबी खाल्ली.

खातो आणि तरी वाळतो: जंत

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, कारण मासा खातोय म्हणून आपण निर्धास्त असतो. वरून बघा. पोटाची बाजू आत गेलीय, डोकं शरीराच्या मानाने मोठं दिसतंय, पाठ धारदार झालीय, विष्ठा पांढरी आणि धाग्यासारखी लांब. बाजारात येणारे बरेचसे पफर, विशेषतः पी पफर, निसर्गातून पकडलेले असतात आणि पोटात पाहुणे घेऊनच येतात.

इथे औषध लागतं, पण कोणतं ते कशावर यावर ठरतं. गोल जंतांवर लेव्हामिसोल, चपट्या जंतांवर प्राझिक्वांटेल, आतड्यातल्या एकपेशीय जिवांवर मेट्रोनिडाझोल. यातलं एक मारून बघू, नाहीतर दुसरं, असं करू नका. शक्य असेल तर विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या. लेव्हामिसोल उजेडात टिकत नाही, म्हणून टाकीवर कापड टाकायचं, एक दिवसाने मोठं पाणी बदलायचं आणि तळातली घाण नळीने ओढून काढायची. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. पहिल्या फेरीत अंडी मरत नाहीत, ती नंतर फुटतात. 'औषध दिलं तरी परत झालं' म्हणणाऱ्यांची दुसरी फेरी बहुधा राहून गेलेली असते. फेनबेंडाझोल वापरणार असाल तर आधी टाकीतल्या गोगलगायी बाहेर काढा, त्याने बऱ्याच मरतात.

नवा मासा मुख्य टाकीत सोडण्याआधी चार आठवडे वेगळा ठेवा. हे मीही पहिल्या दोन वेळा केलं नव्हतं.

एक खातो, बाकीचे नाही

हे पी पफरच्या टाकीतलं. नर एकमेकांचे वैरी असतात. मोठ्या नराच्या पोटावर मधोमध गडद रेघ असते आणि डोळ्यामागे सुरकुत्या. एका टाकीत दोन नर आणि लपायला जागा नाही, तर दुबळा सतत झाडामागे राहतो, खायला बाहेर येत नाही आणि लोक त्याला आजारी समजून औषध देतात. शेपटीचा तुकडा गेलेला असेल तर उत्तर समोरच आहे. एक नर, दोन-तीन माद्या, निदान चाळीसेक लिटर पाणी आणि टाकीच्या या टोकावरून ते टोक दिसणार नाही इतकी दाट झाडी.

एकटा पफरही कधीकधी काचेवर वरखाली, वरखाली येरझाऱ्या घालत बसतो. पाण्याची मापं ठीक असतील तर तो बहुतेक कंटाळलाय किंवा काचेतल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाशी भांडतोय. मागच्या आणि बाजूच्या काचांवर गडद कागद लावा, आतली मांडणी बदला, जिवंत गोगलगायी सोडून त्याला शोधायला लावा. पफर डोक्याने चालणारा मासा आहे, त्याला काम लागतं.

आणि निव्वळ नखरे? तेही असतात. महिनाभर ब्लडवर्म दिले की कोळंबीकडे तोंड वाकडं करतो. पोट भरलेलं दिसत असेल, रंग स्वच्छ असेल, तर तीन दिवस काही देऊ नका. चौथ्या दिवशी कोळंबी खाईल. दाणेदार किंवा पापडीचं कोरडं खाणं मात्र बहुतेक पफर घेत नाहीत, त्यात त्याची चूक नाही. फक्त शिंपल्यांवरही पोसू नका. काही शिंपल्यांत आणि काही माशांत थायमिनेज असतं, ते जीवनसत्त्व बी-१ मोडून टाकतं आणि महिनोन्‌महिने तेच दिलं तर मासा अशक्त होत जातो. आलटून पालटून द्या.

औषधाची बाटली उघडणारच असाल तर

पफरला इतर माशांसारखे खवले नसतात. त्यामुळे तांबं असलेली औषधं, फॉर्मालिन, मॅलाकाइट ग्रीन त्याला जास्त झोंबतात. पांढरे ठिपके खरोखर दिसत असतील, मिठाच्या दाण्यांसारखे, अंगावर आणि परांवर, तर आधी वेगळ्या टाकीत न्या आणि बाटलीवरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा. तांबं असलेलं औषध टाळाच. औषध चालू असताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो.

नेताना जाळी वापरू नका. मगमध्ये पाण्यासकट घ्या, पाण्याबाहेर काढूच नका. घाबरून हवेने फुगला तर त्याला ती हवा सहजी सोडता येत नाही. फुगून पोट वर करून तरंगत असेल तर ओल्या हाताने पाण्याखाली उभा धरा, तोंड वर, शेपूट खाली. हवा तोंडावाटे बुडबुड्यांनी सुटते. मुद्दाम फुगवून फोटो काढणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, भाषा बिघडेल.

सगळी मापं ठीक, मीठ ठीक, दात छोटे, पोट बरं, आणि तरी मोठा पफर दहा दिवस झाले काही घेत नाही, किंवा पी पफरला चार दिवस झाले, तर आणखी वाट बघू नका. घरचे प्रयोग थांबवा आणि वहीतल्या तारखा, पाण्याची शेवटची तीन मापं आणि खातानाचा व्हिडिओ घेऊन जाणकाराला दाखवा. व्हिडिओत तो तुकडा तोंडात घेऊन थुंकताना दिसला पाहिजे, नुसता पोहताना नाही.